बसायला जागा

माझा भाचा अमेरिकेतल्या नॅशव्हिल शहरी नोकरीला आहे. गेल्या दिवाळीत तो घरी आला तेव्हा त्या शहराच्या इतिहासाची तीन जाडजूड पुस्तके माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "मामा, तुम्ही काही तिकडे यायचे नाही; निदान वाचून तरी या!" मास्तर माणसाचा बहुतेक प्रवास असाच बसल्या जागी होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत सौभाग्यवतींनी गच्चीवर पापड वाळत घातले, आणि कावळ्यांपासून त्यांची राखण करता करता मी नॅशव्हिलला जाऊन आलो.

टेनेसी राज्याची ही राजधानी कंबरलँड नदीच्या काठी आहे. १७७९ साली तेथे एक लाकडी कोट उभा राहिला आणि त्याचेच पुढे शहर झाले. शाळा-कॉलेजे पुष्कळ निघाली, म्हणून हे गाव स्वतःला 'दक्षिणेचे अथेन्स' म्हणवू लागले. इतके की, १८९७ च्या प्रदर्शनासाठी त्यांनी ग्रीकांचे पार्थेनॉन मूळ मापाबरहुकूम उभारले! पुढे काँक्रीटमध्ये पक्के केलेले ते देऊळ आजही तेथे उभे आहे. आता ज्या गावाने अथेन्स व्हायचे मनावर घेतले आहे, त्याला डोंगरातून उतरलेला फिडलवाला कसा रुचावा?

पण झाले असे की, १९२५ साली तेथल्या एका विमा कंपनीने रेडिओ केंद्र काढले. 'आम्ही लाखोंचे रक्षण करतो' हे कंपनीचे ब्रीद. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून केंद्राचे नाव पडले 'डब्ल्यूएसएम'. २८ नोव्हेंबरच्या शनिवारी रात्री ७७ वर्षांचे अंकल जिमी थॉम्प्सन फिडल घेऊन तेथे वाजवायला बसले, आणि खेड्यापाड्यांतले श्रोते खूश झाले. शनिवारचा हा कार्यक्रम मग कायमचा झाला.

दोन वर्षांनी, १९२७ साली, त्याचे बारसे झाले ते मोठे गमतीचे. आधीचा तास अभिजात पाश्चात्त्य संगीताचा होता. तो संपल्यावर डीफोर्ड बेली नावाच्या एका ठेंगण्या निग्रो वादकाने माउथ ऑर्गनवर धावत्या आगगाडीची धून वाजवली. निवेदक म्हणाला, आतापर्यंत आपण ग्रँड ऑपेरा ऐकलात, आता ऐका 'ग्रँड ओल ऑप्री'! ऑपेराचा हा गावठी उच्चार थट्टेने केलेला. पण तो चिकटला आणि त्या नावाने शहर जगभर ओळखले जाऊ लागले.

शिष्ट मंडळींना मात्र याची लाजच वाटत राहिली. १९४३ साली राज्याचे गव्हर्नर प्रेंटिस कूपर यांनी ऑप्रीच्या समारंभाला यायचे साफ नाकारले. ही गाणी राज्याची अब्रू घालवतात, असे त्यांचे म्हणणे. त्याच वर्षी ऑप्री रायमन सभागृहात गेली. ही वास्तू नावांचा मालक टॉम रायमन याने धर्मप्रवचनांसाठी १८९२ साली बांधलेली; बसायला प्रार्थनामंदिरातली लाकडी बाके. १९७४ पर्यंत गाणे तेथेच झाले. नव्या नाट्यगृहात जाताना त्यांनी जुन्या रंगमंचाच्या लाकडाचा एक गोल तुकडा कापून नेला आणि नव्या रंगमंचावर मधोमध बसवला. गायक त्यावर उभा राहून गातो.

लाकडाला अशी जागा मिळाली. बेलीला?

रेडिओवर माणसाचा रंग दिसत नाही, तोवर ठीक होते. पण ऑप्रीची मंडळी दौऱ्यावर निघत तेव्हा ज्याचे वाजवणे ऐकायला गर्दी लोटे त्या बेलीला हॉटेलात खोली मिळत नसे आणि खाणावळीत गोऱ्यांशेजारी बसू देत नसत. १९४१ साली त्याला कामावरून काढले. पुढे तो त्याच शहरात लोकांच्या जोड्यांना पॉलिश करून पोट भरत राहिला. १९८२ साली तो वारला आणि २००५ साली कंट्री संगीताच्या कीर्तिमंदिरात त्याचे नाव लागले. आणि ज्या बँजोवाचून हे संगीत अडते, ते वाद्यही आफ्रिकेतून धरून आणलेल्या गुलामांनीच त्या देशात रुजवलेले!

येथवर मी नॅशव्हिलकरांवर यथेच्छ रागावलो होतो. मग पुस्तकात एकदम 'नागपूर' हा शब्द आला आणि मी पापड विसरलो. जेम्स लॉसन नावाचा एक तरुण निग्रो पाद्री १९५३ साली नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजात आला, तीन वर्षे राहिला आणि त्याने गांधीजींचा सत्याग्रह अभ्यासला. पुढे त्याने नॅशव्हिलला जाऊन विद्यार्थ्यांना तोच धडा दिला: मार खायचा, हात उचलायचा नाही. फेब्रुवारी १९६० मध्ये ती मुले दुकानांतल्या गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहांत शांतपणे जाऊन बसली. अंगावर सिगारेटी विझवल्या गेल्या, तुरुंग झाला. लॉसनला विद्यापीठाने काढून टाकले. पण १० मे रोजी काही दुकानांनी ती जागा सर्वांना मोकळी केली.

एम. ए. करताना मी त्या हिस्लॉपवरून रोज सायकलने जात असे. मला हे ठाऊक नव्हते. आणि जे ठाऊक होते त्याचे मी काय केले?

दोन वर्षांपूर्वी मराठी भाषा गौरव दिनाच्या तयारीत एक विद्यार्थी माझ्याकडे आला होता. त्याचे वडील खडी गंमतीत ढोलकी वाजवतात; त्यांना बोलवू का, असे तो विचारत होता. मी म्हणालो, "बाबा रे, आपला कार्यक्रम जरा अभिजात ठेवू." वर्गात मी शाहिरी वाङ्मयावर सहा तास व्याख्याने देतो, आणि शाहिराचा साथीदार दाराशी आला तेव्हा मला अथेन्स आठवले! तो मुलगा "बरं सर" म्हणून गेला. पुन्हा त्याने काही विचारले नाही.

परवा त्या मुलाकडून नंबर घेऊन मी त्याच्या वडिलांना फोन केला, येत्या फेब्रुवारीचे आमंत्रण दिले. ते क्षणभर थांबून म्हणाले, "येतो जी. पन जेवाले कुठं बसाचं, थे आधीच सांगून ठेवा. मागं एका ठिकाणी लय वेळ उभं राहा लागलं."

मी म्हणालो, "माझ्या शेजारी." दुसऱ्या दिवशी कॉलेजात जाऊन कार्यक्रमाच्या कागदावर त्यांचे नाव पहिले लिहिले.