जुन्या दारावर चिठ्ठी लावा

शाळेत एखादा वर्ग एका खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवला, की आम्ही शिक्षक पहिली गोष्ट कोणती करतो? जुन्या दारावर चिठ्ठी लावतो : ‘पाचवीचा मराठीचा वर्ग आता वरच्या मजल्यावर, डावीकडच्या खोलीत.’ उशिरा आलेले मूल, डबा घेऊन आलेली आई, तपासणीला आलेले निरीक्षक, सगळे ती चिठ्ठी वाचतात आणि बरोबर जागी पोहोचतात. हे आम्हांला शिक्षक-प्रशिक्षणात कोणी शिकवले नव्हते. एवढे शहाणपण सर्वांनाच असते. पण संकेतस्थळ नव्याने बांधताना आपण तेच विसरतो आणि त्याची किंमत आपल्या मातृभाषेला मोजावी लागते. म्हणून आज या विषयावर चार शब्द लिहीत आहोत.

निमित्त घरचेच आहे. आमची एक मावसबहीण अमेरिकेतील टेक्सास राज्यात, ह्यूस्टन शहराच्या नैर्ऋत्येस असलेल्या शुगर लँड या गावी राहते. शुगर लँड म्हणजे साखरेची भूमी! उसाच्या शेतांत ज्यांच्या पिढ्या खपल्या, त्या आपणां मॉरिशसवासीयांना हे नाव परके कसे वाटावे? ज्या इंपीरियल शुगर कंपनीभोवती हे गाव वाढले, ती आपली सुरुवात १८४३ सालापासून सांगते. तेथील साखर शुद्ध करण्याचा कारखाना २००३ साली बंद पडला. उसाच्या जागी आता वसाहती आहेत आणि त्यांत भारतीय कुटुंबे पुष्कळ आहेत. आमची बहीण तेथे दर शनिवारी आपल्या घरी मुलांना मराठी शिकवते. गेली बारा वर्षे ती आपले पाठ एका साध्याशा संकेतस्थळावर ठेवीत आली. त्यात बाराखडी, लहान गोष्टी, सणांची माहिती असे सारे आहे. घरी क्रेओल बोलणाऱ्या आमच्या विद्यार्थ्यांनाही ते पाठ सोपे जात, म्हणून आम्ही त्यांचे पत्ते मुलांच्या वह्यांत लिहून देत असू.

मागच्या वर्षी तिसऱ्या सत्रात एका मुलीने वही पुढे केली. ‘हा पाठ उघडत नाही,’ ती म्हणाली. आम्ही दुसरा पत्ता पाहिला, तिसरा पाहिला. सगळीकडे एकच उत्तर : पान सापडले नाही.

फोन केला तेव्हा कळले, की बहिणीने उन्हाळ्यात एका कंपनीकडून संकेतस्थळ नवे करून घेतले होते. नवे रूप खरोखर देखणे होते. फोनवरही नीट दिसत होते. पण ऑगस्टमध्ये तिथल्या शाळा उघडल्या आणि तिच्या वर्गात मुलेच येईनात. एरवी पालक ‘शुगर लँड मराठी वर्ग’ असे गूगलवर शोधीत आणि तिचे नाव वरच सापडे. आता ते नाव कुठेच नव्हते. दरवर्षी दहा-बारा नवी मुले येत, त्या वर्षी दोन आली. दोन गल्ल्या पलीकडे राहणारी एक आई तिला म्हणाली, ‘ताई, आम्हांला वाटले तुम्ही वर्ग बंद केलात.’

असे का झाले? कारण गूगल संकेतस्थळाला त्याच्या रंगरूपावरून ओळखत नाही. ते प्रत्येक पानाला त्याच्या पत्त्यावरून ओळखते. कोणी आपल्या पानाचा दुवा दिला, तर ती त्या पत्त्याच्या नावाने केलेली शिफारस असते. बारा वर्षांच्या अशा शिफारशींच्या जोरावर बहिणीचे नाव वर येत होते. पत्ता बदलला, आणि त्या सगळ्या शिफारशी बंद दारापाशी पडून राहिल्या.

हे समजायला आपणांस लांब जायला नको. आपले पूर्वज कोकणातून निघून मुंबई बंदरातून या बेटावर आले, तेव्हा कारकुनाने त्यांची नावे कानाला लागतील तशी लिहिली. कोणाचे आडनाव गेले, तर कोणाच्या नावाचे रूपच पालटले. पण प्रत्येकाला एक क्रमांक दिलेला होता. त्या नोंदी आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. तो क्रमांक हाती असला, की आजोबांच्या आजोबांची नोंद अजूनही सापडते. नाव बिघडले तरी क्रमांक टिकला, म्हणून वंश सापडला. संकेतस्थळावरच्या पानाचा पत्ता म्हणजे असाच क्रमांक आहे. रूप कितीही बदला, पण तो जपा.

डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही शुगर लँडला गेलो. तिथेच २०१८ साली शाळेची इमारत बांधताना पंचाण्णव माणसांचे अवशेष सापडले. ते कृष्णवर्णीय कैदी होते. गुलामी कायद्याने संपल्यावरही सरकार कैद्यांना भाड्याने मळ्यांवर धाडीत असे आणि हे लोक तिथे उसात राबता राबता मेले. रेजिनाल्ड मूर नावाचे एक गृहस्थ, इथे दफनभूमी असावी, असे कितीतरी आधीपासून सांगत होते. पण जमिनीवर खूण नव्हती. त्या मृतांच्या दुःखाशी संकेतस्थळाची तुलना करणे शोभणार नाही आणि आम्ही ती करीतही नाही. मात्र ज्याची खूण उरत नाही त्यावर नवी इमारत सहज उभी राहते, हे तिथे पटले, आणि आपल्या क्रमांकांचे मोल नव्याने कळले.

मग आम्ही दोघे बहिणीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून चुका शोधू लागलो. पहिली चूक वर सांगितलीच : प्रत्येक पानाचा पत्ता बदलला होता आणि जुन्या पत्त्यावर चिठ्ठी नव्हती. दुसरी चूक तक्रारीनंतरची. कंपनीने सगळे जुने पत्ते सरसकट मुखपृष्ठाकडे वळवले. वर्गाचा पत्ता विचारणाऱ्याला शाळेच्या फाटकापाशी आणून सोडण्यासारखेच ते. गूगलही अशा वळणाला पान हरवल्यासारखेच धरते. तिसरी चूक : काम चालू असताना अर्धवट संकेतस्थळ शोधात दिसू नये म्हणून ‘नोंद करू नका’ अशी सूचना लावतात. तिला नोइंडेक्स म्हणतात. उद्घाटन झाले तरी ती तशीच राहिली होती. चौथी चूक सौंदर्याच्या हौसेची. पाठांचा मजकूर कापून मराठी शीर्षके चित्रांत घातली होती. शोधयंत्राचा खरा आधार लिहिलेला मजकूरच असतो. युनिकोड येण्यापूर्वी आपली मराठी पाने वेगवेगळ्या फाँटांत अडकून शोधाबाहेर राहिली होती. मग आता आपणच आपली अक्षरे पुन्हा का लपवावी?

उपाय अवघड नव्हता. एक वही घेऊन दोन रकाने आखले. डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे त्याच पाठाचा नवा पत्ता. जुने पत्ते आमच्या विद्यार्थ्यांच्या वह्यांत सापडले, गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये सापडले आणि काही इंटरनेट अर्काइव्हने जपलेल्या जुन्या प्रतींत मिळाले. मग एकेका पत्त्याला त्याच्या नव्या पत्त्याकडे कायमचे वळण दिले. तंत्रज्ञ याला ३०१ म्हणतात. तीच ती दारावरची चिठ्ठी. नोइंडेक्स काढले, मजकूर परत घातला आणि नव्या पानांची यादी, म्हणजे साइटमॅप, गूगलला दिली. सारे काम दोन संध्याकाळींत झाले. संकेतस्थळाचे डोमेनच बदलले असते, तर सर्च कन्सोलमध्ये पत्ता बदलल्याची वेगळी वर्दी द्यावी लागली असती. हे वळण निदान वर्षभर तरी ठेवा, असे गूगलच सांगते. आम्ही म्हणतो, कायमचेच ठेवा. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी तर १९९८ सालीच सांगून ठेवले आहे, की चांगला पत्ता बदलत नसतो.

काही बांधव म्हणतील, ‘आता सगळे व्हॉट्सॲपवर कळते, गूगल कोणाला हवे?’ खरे आहे, पण व्हॉट्सॲपचा निरोप ओळखीच्यांनाच जातो. दोन गल्ल्या पलीकडची अनोळखी आई शोधच घेते. दुसरे म्हणतील, ‘आता कृत्रिम बुद्धिमत्ताच उत्तर देते.’ पण तीही कुठूनतरी वाचूनच सांगणार. आपले पानच सापडले नाही, तर आपल्याविषयी दुसराच कोणीतरी बोलेल.

आमचे खरे सांगणे आपल्या संस्थांना आहे. नवी कार्यकारिणी आली, की नवे संकेतस्थळ आणि कधी कधी नवे नावही येते. जुन्या डोमेनचे पैसे भरायचे राहतात आणि गणेशोत्सवाचे अहवाल, नाटकांची छायाचित्रे, मुलांचे निबंध एका दिवसात नाहीसे होतात. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो. पण अमेरिकेतील प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली दाखवले, की २०१३ साली असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी मिळेनाशी झाली होती. इंग्रजीचा सागर एवढा मोठा, की तिला ते सोसेल. मराठीच्या ओंजळीतून किती सांडू द्यायचे? परदेशस्थ मराठी माणसांत १९९६ साली सुरू झालेल्या मायबोलीने नवे रूप घेतल्यावरही ‘जुने हितगुज’ वाचकांसाठी ठेवले होते. मनात आणले तर ते जमते.

म्हणून आमची विनंती अशी : संस्थेच्या सभेत ठराव करा, की जुन्या पत्त्यांची यादी हाती असल्याशिवाय नव्या संकेतस्थळाचे काम कोणाला देऊ नये, आणि चिठ्ठ्या लावून झाल्याशिवाय कामाचे शेवटचे पैसे देऊ नयेत. सणाच्या किंवा शाळाप्रवेशाच्या तोंडावर बदल करू नका. रूप, मजकूर आणि पत्ता सारे एकदम पालटू नका. पहिल्या काही आठवड्यांत क्रम खालीवर झाला तर घाबरू नका, पण रोज पाहत राहा. डोमेनचे शुल्क भरण्याचे काम एका व्यक्तीवर न सोडता खजिनदाराच्या वहीत लिहून ठेवा.

बहिणीचे नाव पुन्हा वर यायला काही महिने लागले. ज्या मुलांनी त्या वर्षी दुसरी वाट धरली, ती काही परत आली नाहीत. पण नव्या वर्षाच्या पहिल्या सत्रात ती मुलगी तीच वही घेऊन आली. तोच जुना पत्ता तिने काळजीपूर्वक टाइप केला आणि पाठ उघडला. बंधुभगिनींनो, घर जरूर नवे बांधा. फक्त जुन्या दारावर चिठ्ठी लावायला विसरू नका, कारण त्या दाराशी आपलीच मुले येणार आहेत.