वहीतला राक्षस

परवाचीच गोष्ट. आमच्या वस्तीत संध्याकाळी मुलांची अभ्यासिका चालते. समाजमंदिराची एक खोली, दोन सतरंज्या, एक फळा आणि आम्ही तीन-चार बायका. त्या दिवशी नववीतल्या एका मुलाची आई तणतणत आली आणि गणिताची वही माझ्यापुढे आपटून म्हणाली, "ताई, बघा याचे प्रताप! अभ्यासाच्या नावाखाली हे चाललंय."

वही उघडली. पुढची चार पानं गणिताची, मागची दहा-बारा पानं नुसती लाल. तुटलेले हात, उडालेली मुंडकी, तलवारी आणि मधोमध एक राक्षस. अंगभर पट्टे ओढलेला, डोळे वटारलेला. काढला मात्र होता फार सुरेख!

त्या बाईचा आवाज चढलेला होता, पण तो राग नव्हता. ती घाबरली होती. हळूच म्हणाली, "दिवसभर मोबाईलवर ती जपानी मारामारी बघतो. उद्या कुणाच्या पोटात सुरी खुपसली म्हणजे?"

खरं सांगते, दोन वर्षांपूर्वीची मी असते तर मुलाच्या हातातून मोबाईल काढून घेतला असता, वर दहा मिनिटं व्याख्यान दिलं असतं. माझ्या स्वतःच्या मुलाच्या बाबतीत मी तेच केलं होतं. "घरात रक्तपात नको," असं ठणकावून सांगितलं होतं. परिणाम काय, तर तो माझ्यासमोर बघेनासा झाला. बघायचा थांबला नाही.

म्हणून या वेळी मुलाला जवळ बसवलं आणि विचारलं, "हा कोण रे?"

"अकाझा."

"वाईट आहे का हा?"

"आहे." मग थोडं थांबून, "पण आधी नव्हता."

आणि त्या मुलानं, जो वर्गात प्रश्नाचं उत्तर देताना मान वर करत नाही, मला अख्खी गोष्ट सांगितली. हा राक्षस पूर्वी साधा मुलगा होता. बाप आजारी. औषधाला पैसे नाहीत, म्हणून पाकिटं मारायचा. पकडला की मार खायचा आणि शिक्षा म्हणून हातावर पट्टे गोंदले जायचे. जुन्या जपानात गुन्हेगारांना खरोखरच असं गोंदत असत. एक दिवस बापाला हे सहन झालं नाही. आपल्यामुळे पोरगा चोर झाला, या शरमेनं त्यानं जीव दिला. राक्षसाच्या अंगावर मला जी भीतीदायक नक्षी वाटली होती, तिची सुरुवात बापाच्या औषधासाठी केलेल्या चोऱ्यांच्या त्या खुणांपासून होती!

मी त्याच्या आईकडे बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मैत्रिणींनो, या मुलाचे वडील लूमवर कामाला होते. भिवंडीत बारा-बारा तासांची पाळी, कानठळ्या बसवणारा खडखडाट आणि श्वासाबरोबर आत जाणारी कापसाची धूळ. गेले आठ महिने छातीच्या दुखण्यानं ते घरी आहेत. मुलाला बाहेर पाठवून ती मला म्हणाली, "हे रात्री बोलतात, मी गेलो तर बरं, तुमचा खर्च वाचेल. पोरगं झोपलंय असं वाटायचं हो आम्हाला."

पोरगं झोपलेलं नव्हतं. ते त्या रात्रीची भीती वहीत काढत होतं.

आता थोडं या 'जपानी मारामारी'बद्दल. आपल्या पिढीतल्या आयांना वाटतं, कार्टून म्हणजे लहान मुलांचं. पण जपानी चित्रपट आणि मालिका, ज्यांना ॲनिमे म्हणतात, आणि तिथली चित्रकथांची पुस्तकं, म्हणजे मांगा, यांचा पसारा फार मोठा आहे. आपणही त्याला अनोळखी नाही बरं का! नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी आपण सगळे ज्या मोगलीसाठी टीव्हीपुढे बसायचो, ती मालिका जपानमध्येच तयार झालेली होती. पुढे डोरेमॉन आणि शिनचॅन आले. पण जपानमध्ये मांगाची मासिकं आणि साप्ताहिकं वाचकाच्या वयाप्रमाणे निघतात. शोनेन म्हणजे किशोरवयीन मुलांसाठी, शोजो मुलींसाठी, सेइनेन मोठ्या पुरुषांसाठी आणि जोसेइ आपल्यासारख्या बायकांसाठी. आपल्याकडे हे सगळं मोबाईलच्या एकाच पडद्यावर, एकाच पंक्तीत वाढलं जातं. घोटाळा इथेच होतो.

अकाझा ज्या गोष्टीतला आहे ती 'डेमन स्लेयर'. कोयोहारू गोतोगे यांची ही चित्रकथा २०१६ ते २०२० या काळात जपानच्या एका साप्ताहिकात क्रमशः आली. कोळसा विकणारा तांजिरो नावाचा मुलगा घरी येतो तर सगळं कुटुंब राक्षसानं मारलेलं. एक बहीण वाचते, पण तीही राक्षस झालेली असते. तिला पाठीवरच्या लाकडी पेटीत घेऊन तो तिच्यावर उपाय शोधत फिरतो. २०२५ च्या सप्टेंबरात याचा 'इन्फिनिटी कॅसल' हा चित्रपट आपल्याकडे हिंदी, तमिळ, तेलुगूतूनही लागला आणि थिएटरं भरली. आमच्या भिवंडीत तर पद्मानगरातल्या पोरांना तो तेलुगूत कळतो आणि शांतीनगरातल्या पोरांना हिंदीत. पोरं मात्र एकाच राक्षसासाठी हळहळतात!

मुलानं हट्टानं मला दाखवला. अर्धा वेळ मी डोळ्यांवर पदर घेतला होता, हे कबूल करते. पण एक गोष्ट लक्षात आली. या गोष्टीत राक्षस मरताना त्याचं पूर्वायुष्य दाखवतात. ज्यानं त्याला मारलं तो तांजिरोही अनेकदा त्याच्यासाठी कळवळतो. आपल्या हिंदी सिनेमातला व्हिलन मेला की आपण टाळ्या वाजवून घरी येतो. इथे टाळी वाजवायला हात वर जातच नाही.

"पण एवढं रक्त कशाला?" असं कुणी विचारेल. मीही विचारलं होतं. मग श्रावणात सासूबाई शिवलीलामृत वाचत होत्या तेव्हा माझं मलाच हसू आलं. त्यातली चिलया बाळाची गोष्ट आठवा. दारी आलेल्या अतिथीसाठी चांगुणा पोटच्या पोराचं मस्तक उखळात कांडते, आणि डोळ्यांतून टिपूस काढायचा नाही! यापेक्षा भयंकर चित्र कुठल्या जपान्यानं काढलंय? आपल्या आज्या-पणज्या हे ऐकत आल्या, रडत आल्या. कुणी त्यांना 'बिघडल्या' म्हटलं नाही. कॉलेजात रस शिकताना सरांनी सांगितलं होतं, रौद्र, भयानक आणि बीभत्स हेही रसच आहेत. मी म्हणेन, ते करुणापर्यंत पोचले तर माणसाला काही देऊन जातात. नुसतेच उरले तर किळस उरते.

जपानी लोकांच्या या अंधाराला कारणही आहे. केइजी नाकाझावा सहा वर्षांचे असताना हिरोशिमावर बॉम्ब पडला. वडील, बहीण, भाऊ गेले. त्यांनी १९७३ पासून 'बेअरफूट गेन' ही चित्रकथा काढली ती त्या आठवणींतून. इसाओ ताकाहाता यांचा १९८८ चा 'ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज' हा चित्रपट युद्धात उपाशी मरणाऱ्या दोन भावंडांचा आहे. तो बघून मला रात्रभर झोप नव्हती. आपल्याकडेही २०११ मध्ये 'भीमायन' आलं. बाबासाहेबांनी सोसलेली अस्पृश्यता दुर्गाबाई आणि सुभाष व्याम यांनी गोंड शैलीतल्या चित्रांतून मांडली. चित्रकथा म्हणजे पोरखेळ नव्हे, हे त्यातून कळतं.

आणि एक गोष्ट भिवंडीकर म्हणून सांगायलाच हवी. माझा मुलगा 'अटॅक ऑन टायटन'चा भक्त. हाजिमे इसायामा यांची ही चित्रकथा २००९ ते २०२१ अशी चालली. माणसांना खाणारे राक्षसी टायटन, त्यांना अडवायला बांधलेल्या प्रचंड भिंती आणि आईला डोळ्यांदेखत गमावलेला एरेन. वाटतं, नेहमीचीच सूडकथा. पण पुढे कळतं की समुद्रापलीकडेही माणसंच आहेत आणि ती आपल्याला सैतान समजतात. शेवटी एरेनच जगाचा संहार करायला निघतो. त्यात एक प्रसंग आहे. एका बापाची मुलगी, साशा, मारली गेलीय. जिनं मारलं ती गॅबी, एक लहान पोरगी, त्याच्यासमोर आणून उभी केली जाते आणि त्याच्यापुढे सुरी धरली जाते. तो सूड घेत नाही. त्याचं म्हणणं असं, की हे जग म्हणजे एकमेकांना खाणारं जंगल आहे. निदान पोरांना तरी त्यातून बाहेर काढलं पाहिजे, आणि त्यासाठी मागचं ओझं मोठ्यांनी उचललं पाहिजे.

मी टीव्ही बंद करून बाल्कनीत जाऊन उभी राहिले. १९८४ च्या मे महिन्यात मी पाच वर्षांची होते. आईनं आम्हा भावंडांना पिठाच्या डब्यांमागे बसवलं होतं, एवढंच आठवतं, आणि लांबून दिसणारा धूर. त्या दंगलीत शेकडो माणसं गेली. त्याआधी १९७० मध्येही हे शहर पेटलं होतं. पण पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी इथे मोहल्ला समित्या उभ्या केल्या. दोन्हीकडची माणसं एकत्र बसू लागली, बोलू लागली. आणि १९९२-९३ मध्ये मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. मोठ्यांनी ओझं उचललं म्हणून आम्ही पोरं जंगलात शिरलो नाही. हे मी मुलाला त्या रात्री पहिल्यांदा सांगितलं. जपानी कार्टूनमुळे! एरवी मी कधी सांगितलं असतं, कोण जाणे.

याचा अर्थ सगळंच चांगलं, असं मात्र मी म्हणणार नाही. माझे तीन आक्षेप आहेत आणि ते मी मुलालाही तोंडावर सांगते.

पहिला, वयाचा. 'बर्सर्क'सारखी मांगा मोठ्यांसाठीच आहे. त्यात बलात्काराचं चित्रण आहे. बारा-तेरा वर्षांच्या पोरानं ती हाताळू नये. २०२१ च्या नियमांप्रमाणे ओटीटीवर वयाचे गट दाखवावे लागतात आणि १३ वर्षांवरच्या गटापासून पुढे कुलूप लावायची सोय द्यावी लागते. सिनेमाच्या प्रमाणपत्रातही २०२३ च्या दुरुस्तीनंतर ७, १३ आणि १६ असे टप्पे आलेत. किती आयांनी ते कुलूप एकदा तरी उघडून बघितलंय?

दुसरा, बाईच्या चित्राचा. कित्येक मालिकांत मुलगी कितीही शूर असो, तिचे कपडे मात्र बघणाऱ्यांच्या सोयीचे! हे खटकलं तर बोलायचं. माझा मुलगा आधी लाजला, आता स्वतःहून म्हणतो, "आई, हे उगाच घातलंय."

तिसरा आणि मला सगळ्यांत मोठा वाटणारा, तुकड्यांचा. बरीच पोरं अख्खी गोष्ट बघतच नाहीत. अर्ध्या मिनिटाच्या रीलमध्ये फक्त तलवार फिरते, डोकं उडतं, वर ढणाढणा गाणं. त्या डोक्याचा आजारी बाप, त्याची औषधाची पुडी सगळं कापलेलं असतं. म्हणजे रक्त ठेवायचं आणि रडू काढून टाकायचं! मुलं बधिर होत असतील तर ती यानं होतील. त्यामुळे "बघू नको" असं म्हणण्याऐवजी मी आता "बघायचंच तर पूर्ण बघ, आणि मला सांग," असं म्हणते.

त्या मुलाचं पुढे काय झालं? चमत्कार काही झाला नाही. आम्ही दोघीतिघी जाऊन वडिलांशी बोललो. पहिल्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. दुसऱ्या खेपेला मी ती वही नेली. पट्ट्यांची गोष्ट मुलानंच सांगितली, दाराशी उभं राहून. वडील बराच वेळ ते चित्र बघत होते. मग त्यांनी मुलाला एवढंच विचारलं, "तुला असं वाटलं होय रे?" दुसऱ्या दिवशी ते सरकारी दवाखान्यात यायला तयार झाले. बचत गटातून औषधांपुरती उचल दिली आहे. लूमवर परत जाता येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत, बसून करायचं काम शोधतो आहोत. मन मोकळं करायला आता एक समुपदेशक ताईही त्यांच्याकडे येतात.

मुलगा गणितात अजून काठावरच आहे. चित्रं काढणं चालूच आहे. लाल पेन मात्र मी त्याला नवा आणून दिला, आणि आईनं चित्रांसाठी वेगळी वही.

मैत्रिणींनो, तुमच्या घरातही गणिताची एखादी वही असेल. जमलं तर आज मागून उघडून बघा. काही दिसलं तर लगेच ओरडू नका. आधी विचारा, "हा कोण रे? आणि असा का झाला?"