थोरला कुणाचा?

आमच्या घरातलं पहिलं मूल मी. माझ्या पाठीवर दोन वर्षांनी भाऊ झाला. घरात, भावकीत, चर्चमध्ये त्याला 'थोरला' म्हणतात, मला 'ताई'. थोरला हा शब्द वयाचा आहे असं मला लहानपणी वाटायचं. तो वयाचा नाही हे कळलं ते राजुऱ्याजवळची आमची जमीन कोळसा खाणीत गेली तेव्हा.

दोन एकराला एक नोकरी हा हिशेब आमच्याकडे शाळकरी पोरांनाही पाठ असतो. आमची जमीन अडीच एकर. म्हणजे नोकरी एक आणि अर्जावर नावही एकच. ते कुणाचं, यावर घरात चर्चा झालीच नाही. बाबा म्हणाले, "थोरल्याचं टाका." आत्या म्हणाली, "पोरगी तं लोकाच्या घरी जाते." इथवर काही नवल नव्हतं. पण त्या संध्याकाळी प्रार्थनेला आलेल्या पाळकांनी बायबल उघडलं, अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायातलं एक वचन वाचलं आणि सांगितलं की थोरल्याला दुप्पट वाटा ही खुद्द देवाची आज्ञा आहे. सगळे आमेन म्हणाले. मीही म्हणाले. तोवर जो नुसता रिवाज होता, तो त्या आमेनने धर्म झाला.

रिवाजाशी भांडता येतं. वचनाशी भांडायचं तर आधी ते वाचावं लागतं. मी ते वाचलं, आणि माझं म्हणणं असं आहे की थोरल्याच्या हक्कासाठी शास्त्राचा दाखला देणारे अर्धं वचन वाचतात. पहिल्या मुलाबद्दल शास्त्र जे सर्वांत आग्रहाने सांगतं ते हक्काविषयी नाहीच, ते ऋणाविषयी आहे.

आधी त्यांच्या बाजूचं मान्य करते. अनुवाद २१:१७ मध्ये पहिल्या मुलाला दुप्पट वाटा आहे, हे खरं. पण त्याच्या आधीची दोन वचनं त्या संध्याकाळी वाचली गेली नाहीत. एका पुरुषाला दोन बायका आहेत, एक आवडती, एक नावडती. पहिला मुलगा नावडतीचा आहे. बापाला वाटतं, आवडतीच्या मुलाला पहिला ठरवावं. नियम सांगतो, तसं करता येणार नाही. म्हणजे हा कायदा बापाच्या मर्जीला लगाम घालायला आहे. घरात जिचं कुणी ऐकत नाही तिच्या लेकराचं नाव खोडलं जाऊ नये म्हणून आहे. आमच्या घरी तोच कायदा बापाच्या मर्जीवर शिक्का मारायला वापरला गेला.

आता शब्दाकडे येऊ. हिब्रूत 'बखोर'. मराठीत त्याच्यासाठी अनेकदा 'ज्येष्ठ' येतो आणि घोटाळा तिथे सुरू होतो. ज्येष्ठ व्हायला धाकटी भावंडं लागतात, पण बखोर व्हायला कुणीच लागत नाही. निर्गमाच्या तेराव्या अध्यायात पहिल्या मुलाची खूण आहे ती 'उदर उघडणारा' अशी. ती आईच्या देहावरून ठरते आणि जन्माच्या क्षणीच ठरते. संत जेरोमने चौथ्या शतकात हेल्विडियसशी वाद घालताना हाच मुद्दा मांडला. हेल्विडियस म्हणत होता, येशूला 'पहिला मुलगा' म्हटलंय, म्हणजे मरियेला पुढेही मुलं झाली असणार. जेरोमचं उत्तर असं की पहिला म्हणजे ज्याच्या आधी कुणी नाही तो. मागून कुणी आलंच पाहिजे असं नाही. नाहीतर महिन्याभराच्या बाळाचा विधी करायला दुसरं बाळ होईपर्यंत थांबावं लागलं असतं.

ज्यू धर्मशास्त्रींनी तर हे दोन 'पहिले' सरळ वेगळे केले. मिश्नाच्या 'बखोरोत' या भागात आठवा अध्याय त्यावरच आहे. वारशासाठी पहिला म्हणजे बापाचा पहिला मुलगा. याजकासाठी, म्हणजे देवासाठी पहिला, तो आईच्या उदराचा. एकच मुलगा दोन्ही असेल असं नाही. आधी मुलगी झाली असेल, तर मागून आलेला मुलगा बापाच्या वाटणीत पहिला, पण देवाच्या लेखी नाही, कारण उदर बहिणीने आधीच उघडलं आहे. सिझेरियनने झालेल्या मुलाचाही तो विधी होत नाही.

म्हणजे त्या संध्याकाळी ज्या शास्त्राचा आधार घेऊन माझ्या भावाला थोरला ठरवलं, त्याच शास्त्राच्या दुसऱ्या, अधिक पवित्र मोजमापात तो पहिला नव्हता. माझ्यामुळे नव्हता. शास्त्र मुलीला ती जागा देत नाही, हे मी लपवत नाही. पण ती जागा माझ्या जन्माने भरली गेली हे शास्त्राला मान्य आहे. आमच्या घराला तेवढंही नव्हतं. आणि मराठीला तर हे मोजमाप परकंही नाही. आपल्याकडे 'पहिलटकरीण' असा शब्द आहे. तो आईवरून मोजतो, आणि पोटी मुलगा आला की मुलगी हे विचारत नाही.

मुलीसाठी हिब्रूत शब्दच नाही असंही नाही. 'बखिरा' म्हणजे थोरली. तो शब्द ठळकपणे कुठे येतो? लाबान याकोबाला राहेलीऐवजी लेआ देतो आणि वर सांगतो, आमच्याकडे थोरलीच्या आधी धाकटीला देत नाहीत, तिथे. वाटणीच्या वेळी थोरली कुणाला दिसत नाही. लग्न जुळवायची वेळ आली की लगेच आठवते. राजुऱ्यात हे समजावून सांगायला कुणा पाळकाची गरज पडत नाही.

आता ऋणाचं. निर्गमात देव म्हणतो, प्रत्येक पहिला माझा. माणसाचा आणि जनावराचाही. याला एक भयंकर पार्श्वभूमी आहे आणि ती गोड करून सांगू नये. मिसरात त्या रात्री राजाचा पहिला मुलगा मेला, तसा जात्यामागे बसणाऱ्या दासीचा आणि तुरुंगातल्या कैद्याचाही. दासीचा काय गुन्हा होता याचं उत्तर मला कुठल्याही प्रवचनात मिळालेलं नाही. पण जे वाचले त्यांच्यासाठी अर्थ स्पष्ट होता. तुमचा पहिला तुमचा राहिलेला नाही. तो परत हवा असेल तर सोडवून घ्या. गाढवाच्या शिंगराच्या बदल्यात कोकरू द्या, नाहीतर त्याची मान मोडा. मुलाला मात्र सोडवलंच पाहिजे.

गणनेच्या तिसऱ्या अध्यायात याचा चक्क हिशेब आहे. पहिल्या मुलांच्या जागी लेवी वंशाची माणसं देवाच्या सेवेला घेतली गेली. पहिले भरले २२,२७३ आणि लेवी २२,०००. उरलेल्या २७३ जणांसाठी डोई पाच शेकेल, एकूण १,३६५ शेकेल. त्यातूनच 'पिद्योन हाबेन' हा विधी आला. मूल महिन्याचं झालं की बाप पाच नाणी याजकाच्या हातात देतो आणि आपलंच मूल परत घेतो. थोरं झाल्यावरही सुटका नाही: वल्हांडणाच्या आदल्या दिवशी पहिल्या मुलांनी उपवास करायचा असतो. आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल समाजात याच भावनेची एक वेगळी वाट दिसते. मूल होत नसलेली आई नवस बोले, मुलगा झाला की त्याचे केस सहा-सात वर्षं कापत नसत, आणि मग उतरवलेल्या केसांच्या भारंभार नाणी दान होत. जावळ काढणाऱ्या मराठी माणसाला हे कळायला वेळ लागू नये. जे मिळालं ते दुसऱ्याचं आहे, आपण फक्त ते मागून घेतलं आहे.

यात मिरवायचा हक्क कुठे आहे?

आणि शास्त्रातल्या कथा पाहा. काईन पहिला, अर्पण स्वीकारलं गेलं हाबेलाचं. इश्माएल पहिला, करार इसहाकाशी. एसाव पहिला, आशीर्वाद याकोबाला. रऊबेन पहिला, त्याचा मान गेला योसेफाच्या मुलांकडे. त्या मुलांमध्येही मनश्शे पहिला, पण म्हाताऱ्या याकोबाने हात आडवे करून उजवा हात ठेवला धाकट्या एफ्राईमच्या डोक्यावर. पुढे यिर्मयाच्या ग्रंथात देव याच एफ्राईमला आपला पहिला मुलगा म्हणतो. दावीद तर इशायाच्या मुलांत शेंडेफळ. स्तोत्रसंहितेच्या एकोणनव्वदाव्या स्तोत्रात देव त्याला पहिला करीन म्हणतो. जन्माने मिळालेली जागा कायमची असती, तर ती 'करता' आली असती का?

ख्रिस्ती शास्त्रात हे आणखी पुढे जातं. लूक सांगतो, येशूला पहिला मुलगा म्हणून मंदिरात नेलं. अर्पणात गरिबांना परवडणारी पाखरं होती. पौल रोमकरांस लिहिताना त्याला पुष्कळ भावांमधला पहिला म्हणतो, आणि इब्री लोकांस पत्राच्या बाराव्या अध्यायात तर सगळी मंडळीच 'पहिल्यांची मंडळी' होते. सगळेच पहिले, तर दुप्पट वाटा कुणाचा? ज्या चर्चमध्ये दर रविवारी हे वाचलं जातं, तिथून उठून घरी आल्यावर एकाच पोराला थोरला म्हणणं हा विसंवाद कुणाला का खुपत नाही?

कुणी म्हणेल, हे सगळं आत्मिक. जमिनीचा व्यवहार वेगळा. ठीक आहे, व्यवहारच बघू. भारतीय ख्रिस्ती कुटुंबाला लागू असलेला १९२५चा वारसा कायदा मृत्युपत्र नसेल तर मुलगा-मुलगी, थोरला-धाकटा असा भेद न करता मुलांना सारखा वाटा देतो. केरळात त्रावणकोरच्या १९१६च्या कायद्याने ख्रिस्ती मुलीला मुलाच्या वाट्याच्या चौथा हिस्सा किंवा पाच हजार रुपये, यांतलं जे कमी ते मिळे. मेरी रॉय कोर्टात गेल्या आणि १९८६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते संपवलं. शेजारच्या हिंदू घरांकडे बोट दाखवायचं, तर मनूने थोरल्याला वाटणीआधी विसावा हिस्सा जास्त दिला होता खरा, पण मिताक्षराकार विज्ञानेश्वरांनी असा विषम वाटा लोकांना अमान्य म्हणून बाजूला ठेवला. राजुरा १९४८पर्यंत निजामाचं, मग आदिलाबादेतून १९५६ला नांदेडात, १९५९ला चांद्यात. राज्य बदललं, जिल्हे बदलले, कायदे बदलले. थोरल्याला कुणी हात लावला नाही, कारण तो कागदावर नव्हताच.

आणि मराठी ख्रिस्ती माणसाने केडगावकडे तरी बघावं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं. ते त्यांच्या मृत्यूनंतर १९२४मध्ये निघालं. पहिल्या मुलाविषयीचं प्रत्येक वचन त्यांच्या हाताखालून गेलं असणार. त्यांचं स्वतःचं पहिलं आणि एकुलतं मूल म्हणजे मुलगी, मनोरमा. त्यांनी आपलं काम तिच्या हाती सोपवायचं ठरवलं होतं. १९२१मध्ये, आईच्या आधी, ती गेली. त्या वचनांतला 'पहिला मुलगा' आपल्या मुलीला वगळतो, हे रमाबाईंना आमच्या पाळकांपेक्षा नक्कीच चांगलं कळत होतं. तरी त्यांनी वारस कुणाला मानलं ते समोर आहे.

शेवटचा आक्षेप माझ्या आईचा आहे, आणि तोच मला जड जातो. ती म्हणते, थोरला ओझंही वाहतो ना? वाहतो. माझ्या भावाला चंद्रपूरला पुढे शिकायचं होतं. तो गेली कित्येक वर्षं तीन पाळ्यांत राबतोय. माझ्या आणि धाकटीच्या लग्नाचं कर्ज, बाबांचं आजारपण, सगळं त्याच्या पगारातून. त्याला थोरला म्हणून जे मिळालं, त्याहून जास्त तो थोरला म्हणून दिला गेला. म्हणजे नकळत आम्ही शास्त्र अर्धं पाळलंच. पहिला मुलगा वेदीवर ठेवला. फक्त पुढची आज्ञा पाळली नाही, त्याला सोडवून घेण्याची.

एका नाताळाला रात्रपाळी करून तो सकाळी घरी आला. मी चहा ठेवला. तो म्हणाला, "ताई, ते नोकरी तुले भेटली असती तं मी सुटलो असतो."

पाळकसाहेब, पुढच्या वेळी कुणाच्या घरी अनुवादाचा एकविसावा अध्याय काढाल, तेव्हा निर्गमाचा तेरावाही काढा. आणि थोरल्याला दुप्पट काय द्यायचं ते सांगण्याआधी, त्याला सोडवायला कोण पाच नाणी टाकणार, ते घरातल्या सगळ्यांना विचारा. मुलींनाही विचारा. मी तरी टाकली असती.