क्रांती त्यांची, संक्रांत आमची

क्रांती हा शब्द आता इतका स्वस्त झाला आहे की शेतमालाखालोखाल त्याचाच नंबर लागावा. साबणाच्या जाहिरातीत क्रांती, मोबाईलच्या दुकानात क्रांती, सरकारी भाषणांत तर ऊठसूट क्रांती. हिरवी झाली, पांढरी झाली, निळी झाली, पिवळी झाली. रंगपेटी संपत आली, शेतकरी आहे तिथेच आहे. मेळाव्यात ठरावांची चर्चा सुरू होण्याआधी या शब्दाची एकदा झाडाझडती घ्यावी, असे आम्हाला वाटते.

शब्द मुळात आपल्या ओळखीचा आहे. 'क्रम्' म्हणजे पाऊल टाकणे, ओलांडणे. सूर्य आकाशात ज्या वाटेने जाताना दिसतो ते क्रांतिवृत्त, आणि तो एका राशीतून दुसरीत पाऊल टाकतो ती संक्रांत. राज्य उलथणे हा अर्थ अलीकडचा, इंग्रजी 'रेव्होल्यूशन'च्या मागून आलेला. त्या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ तर नुसता फेरा. कोपर्निकसच्या १५४३ सालच्या ग्रंथाच्या नावात तो ग्रहगोलांच्या फेऱ्यांसाठीच आला आहे. फेरा वेगळा आणि ओलांडणे वेगळे. घाण्याचा बैल दिवसभर फेरे घालतो, उंबरठा ओलांडत नाही. आमच्यापुढे क्रांती म्हणून जे ठेवले जाते ते यातले कोणते, एवढेच तपासायचे आहे.

रशियात १९१७ साली सत्ता हाती आल्याच्या दुसऱ्याच दिवशी जमिनीचा हुकूमनामा निघाला. जमीनदारांची जमीन शेतकऱ्यांकडे आली. त्याला वाटले, आपण उंबरठा ओलांडला. वर्ष उलटले नाही तोच शहरांसाठी आणि फौजेसाठी धान्य काढायला बंदूकधारी तुकड्या गावांत शिरल्या. १९२९ पासून जमीनही सामुदायिक शेतांत गेली. ७ ऑगस्ट १९३२ च्या कायद्याने त्या शेतातले धान्य उचलणाऱ्याला गोळी किंवा दहा वर्षांची कैद. लोकांनी त्याला कणसांचा कायदा असे नाव पाडले. पाठोपाठ युक्रेनसारख्या गव्हाच्या कोठारात लाखो माणसे अन्नावाचून मेली. जमीनदार गेला, त्याच्या जागी सरकार बसले. फेरा पुरा झाला.

हिरव्या क्रांतीचे नावसुद्धा शेतात जन्मलेले नाही. ८ मार्च १९६८ रोजी वॉशिंग्टनच्या एका भाषणात अमेरिकी सरकारच्या परदेशी मदत खात्याचे प्रमुख विल्यम गॉड यांनी ते उच्चारले. रशियाची लाल नव्हे, इराणच्या शहाची पांढरी नव्हे, ही हिरवी, असा त्यांचा रोख. काम मात्र खरे होते. १९६५ साली कृषिमूल्य आयोग आणि अन्न महामंडळ स्थापन झाले. १९६६ साली मेक्सिकोहून १८ हजार टन गव्हाचे बियाणे आले. १९६४-६५ साली १२३ लाख टन पिकलेला गहू १९७०-७१ साली २३८ लाख टनांवर गेला. अमेरिकेच्या जहाजांकडे डोळे लावून बसलेल्या देशाला दम आला. याचे श्रेय शास्त्रज्ञांचे आहे, आणि अनोळखी बियाणे मातीत टाकण्याचा धोका पत्करणाऱ्या शेतकऱ्यांचेही. ते नाकारणाऱ्यांत आम्ही नाही. बियाणे आणि भाव दोन्ही मिळाले तर शेतकरी काय करतो, हे तेव्हा दिसले.

पण सरकारने त्यातले बियाणे लक्षात ठेवले आणि भाव विसरले. टनांची मोजणी झाली, पिकवणाऱ्याच्या पदरात काय पडले याची झाली नाही. आवश्यक वस्तू कायदा १९५५ चा. हिरवी क्रांती आली तरी तो जागचा हलला नाही. आपल्याकडे भाताची, ज्वारीची लेव्ही सक्तीने आणि बाजारापेक्षा कमी भावात घेतली जाई. धान्य वाढले. ते कुणाला, कुठे, काय भावाने विकायचे हे ठरवणारा हात बदलला नाही.

आता याच्या उलट उदाहरण. चीनमध्ये १९५८ साली कम्यून आले आणि त्यामागून आलेल्या दुष्काळात कोट्यवधी माणसे मेली. १९७८ च्या हिवाळ्यात आन्हुई प्रांतातल्या शियाओगांग गावी अठरा घरांच्या कर्त्यांनी चोरून एका कागदावर अंगठे उठवले. जमीन घरटी वाटून घ्यायची, सरकारचा ठरला वाटा द्यायचा, उरेल ते ज्याचे त्याचे. म्होरक्यांना तुरुंगात घातले तर त्यांची मुले अठरा वर्षांची होईपर्यंत बाकीच्यांनी सांभाळायची, हेही त्यात होते. पुढच्याच वर्षी धान्य कितीतरी पटींनी वाढले. माती तीच, माणसे तीच. काही वर्षांत साऱ्या देशातले कम्यून मोडले. जमिनीची मालकी तिथल्या शेतकऱ्याला आजही नाही, म्हणजे पाऊल अर्धेच पडले. पण ते पुढे पडले. आणि त्या अठरा जणांना धाक होता तो क्रांतीचे नाव घेणाऱ्या सरकारचाच.

आपल्या बोलीत संक्रांत येणे याचा अर्थ काय, हे कांदा पिकवणाऱ्याला सांगावे लागत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसले. ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी आली. ती मे २०२४ मध्ये उठली, आणि शुल्क पुरते जायला १ एप्रिल २०२५ उजाडला. या काळात शेतकऱ्याचे कष्ट कमी पडले होते काय? ठिबक होते, चाळी होत्या, मोबाईलवर लासलगावचा भाव घरबसल्या दिसत होता. त्याला म्हणे माहितीची क्रांती म्हणतात. भाव दिसतो खरा. तो मिळू द्यायचा की नाही, ते दिल्ली ठरवते. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

शब्द टाकून द्या, असे आम्ही म्हणत नाही. १९४२ नंतर सातारा भागात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने गावचे तंटे गावात तोडले, सावकारांना वचक बसवला. तिथे या शब्दाला वजन होते, कारण कारभार लोकांच्या हाती आला होता. लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात शेतकऱ्यांनी आपली जमीन घरच्या लक्ष्मीच्या नावावर केली. सातबाऱ्यावरची ती एक ओळ आम्हाला कित्येक रंगीत क्रांत्यांपेक्षा मोठी वाटते. मालकीच बदलली ना!

तेव्हा शेतकरी भावांनो आणि मायबहिणींनो, मेळाव्यात ज्या ठरावात क्रांती हा शब्द येईल त्याला एकच प्रश्न विचारा: यातून कोणता निर्णय सरकारच्या हातून सुटून आपल्या हाती येणार? निर्यातीचा, साठवणुकीचा, बियाण्याचा? कर्जमुक्ती मागा, नुकसानभरपाई मागा, ते आपले हक्काचे आहे. पण घेतलेले परत मिळवणे म्हणजे उंबरठा ओलांडणे नव्हे. प्रश्नाला उत्तर नसेल तर तो शब्द खोडा आणि ठराव पुन्हा लिहायला घ्या. निर्यातबंदी आणि साठामर्यादा लादण्याचा सरकारचा अधिकारच काढून घ्या, ही मागणी त्यात पहिली असू द्या.