श्रीपेरुंबुदूरचा न मागितलेला हिशेब

चेन्नईहून बंगळुरूकडे जाणाऱ्या महामार्गावर सुमारे ४० किलोमीटर अंतरावर असलेले श्रीपेरुंबुदूर राजधानीच्या राजकारणाला ठाऊक झाले ते २१ मे १९९१ च्या रात्री. दरवर्षी त्या तारखेला राजीव गांधी यांच्या स्मारकावर पुष्पचक्रे वाहिली जातात. एरवी हे गाव दिल्लीत येते ते उद्योग खात्याच्या पत्रकांतून. कधी ह्युंदाईच्या, कधी नोकियाच्या, तर अलीकडे फॉक्सकॉनच्या नावाने. दोन्ही प्रसंगी 'तंत्रज्ञान' या शब्दाचा मुक्त वापर होतो. हे तंत्रज्ञान कोठे जन्मले, त्यासाठी सरकारी तिजोरीतून काय गेले आणि बदल्यात देशाकडे कोणती विद्या राहिली, हा प्रश्न मात्र ना काँग्रेसच्या श्रद्धांजलीत असतो, ना भाजपच्या जाहिरातीत.

तो एकदा विचारला गेला होता. ऑगस्ट १९८४ मध्ये स्थापन झालेल्या 'सी-डॉट' या संस्थेने ३६ कोटी रुपयांत आणि ३६ महिन्यांत स्वदेशी डिजिटल टेलिफोन एक्स्चेंज उभारण्याचे वचन दिले होते. सॅम पित्रोदा तिचा चेहरा होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतून आलेले डॉ. पिटके यांच्यासारखे तंत्रज्ञ तिचा कणा. ग्रामीण भागासाठीचे छोटे एक्स्चेंज १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूर येथे सुरूही झाले. मोठ्या एक्स्चेंजला मात्र विलंब झाला. १९८९ मध्ये राजीव गांधींची सत्ता गेली आणि विश्वनाथ प्रताप सिंह सरकारमधील दळणवळणमंत्री के. पी. उन्नीकृष्णन यांनी पित्रोदा व सी-डॉटच्या कारभारावर चौकशीचे शस्त्र उगारले. पैसा सार्वजनिक होता, तेव्हा हिशेब मागणे रास्तच होते. तथापि तो मागितला गेला सत्तांतरानंतर, आणि जमाखर्चापेक्षा 'राजीवचा माणूस' हाच त्यातला मुख्य मुद्दा ठरला. बरीचशी वृत्तपत्रीय चर्चाही त्याच दोन छावण्यांत विभागली गेली. संशोधनात विलंब कशाला म्हणायचे आणि अपव्यय कशाला, हा अधिक कठीण प्रश्न तसाच मागे राहिला.

पुढचा अंक श्रीपेरुंबुदूरचाच. नोकियाचा कारखाना जानेवारी २००६ मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रात सुरू झाला. राज्य सरकारने २००५ च्या सामंजस्य करारात करपरताव्यासह कोणत्या सवलती दिल्या होत्या, याची चिकित्सा मधुमिता दत्त यांनी २००९ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त केली. दैनिकांनी तोवर कारखान्यातून बाहेर पडलेल्या हँडसेटचे कोटींतील आकडे छापण्यात समाधान मानले होते. २०१३ मध्ये प्राप्तिकर खात्याने दोन हजार कोटींहून अधिक कराची मागणी केली. वाद होता तो फिनलंडमधील मूळ कंपनीकडून घेतलेल्या सॉफ्टवेअरच्या मोबदल्यावरील कराचा. याचा अर्थ फोनचे शरीर येथे जुळवले जात होते आणि मेंदू आयात होत होता. भांडण त्या मेंदूच्या किमतीवरचे होते. एप्रिल २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने नोकियाचा मोबाइल व्यवसाय घेतला तेव्हा हा कारखाना त्या व्यवहाराबाहेर राहिला आणि १ नोव्हेंबर २०१४ रोजी उत्पादन थांबले. हजारो तरुण कामगार घरी गेले. 'करदहशतवाद' या शब्दावर तेव्हा रकानेच्या रकाने खर्ची पडले. विद्या का रुजली नाही, यावर फारसे काही लिहिले गेले नाही.

श्रीपेरुंबुदूरला वार्ताहर पोहोचतच नाहीत, असे मात्र म्हणता येणार नाही. डिसेंबर २०२१ मध्ये वसतिगृहातील अन्नातून विषबाधा झाल्यावर फॉक्सकॉनच्या कामगार महिलांनी महामार्ग अडवला, तेव्हा त्यांच्या राहणीचे वास्तव जगभर गेले. विवाहित स्त्रियांना नोकरी नाकारली जात असल्याचे २०२४ चे 'रॉयटर्स'चे शोधवृत्त हेही चिकाटीच्या पत्रकारितेचेच फळ. मग तीच चिकाटी अनुदानाच्या कागदांपाशी का थबकते?

येथे दोन आकडे शेजारी ठेवण्यासारखे आहेत. मोबाइल व इलेक्ट्रॉनिक्स उत्पादनासाठी एप्रिल २०२० मध्ये अधिसूचित झालेल्या प्रोत्साहन योजनेची पाच वर्षांची तरतूद ४०,९५१ कोटी रुपये होती. अनुदान मोजायचे ते वाढीव विक्रीवर, ४ ते ६ टक्के. संशोधनावरील खर्च गुंतवणुकीत धरता येत असे, पण तो करण्याची सक्ती नव्हती. दुसरीकडे, अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन या संपूर्ण देशाच्या विज्ञानासाठीच्या संस्थेकरिता पाच वर्षांचे ५०,००० कोटी जाहीर झाले. पैकी ३६,००० कोटी सरकारबाहेरून यायचे होते. म्हणजे सरकारचा वाटा १४,००० कोटी. जुळणीच्या कारखान्यांतून रोजगार मिळतो, तो नाकारण्याचे कारण नाही. पण राष्ट्रीय संशोधनखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २ टक्के करण्याचे वचन २०१३ च्या विज्ञान धोरणाने दिले होते आणि २०२०-२१ मध्ये तो ०.६४ टक्के होता, हे लक्षात घेतले म्हणजे सरकारचा कल कळतो.

या फाउंडेशनचे विधेयक लोकसभेने ७ ऑगस्ट २०२३ रोजी मंजूर केले. त्याच दिवशी राहुल गांधींची खासदारकी पुनर्स्थापित झाली होती. राज्यसभेची मंजुरी ९ ऑगस्टची. त्या दिवशी लोकसभेत मणिपूरवरून अविश्वास ठरावावर ते बोलत होते. पत्रकार कक्षात कोणाचे कान कोठे होते, हे सांगणे नलगे. ३ फेब्रुवारी २०२५ रोजी त्याच राहुल गांधींनी, भारतात मोबाइल बनत नाही, केवळ जुळवला जातो, असा मुद्दा मांडला. वास्तविक पित्याच्या सी-डॉटशी नाते सांगणारा हा मुद्दा होता. पण ट्रम्प यांच्या शपथविधीच्या निमंत्रणावरील त्यांच्या टिप्पणीने मथळे पळवले.

महाराष्ट्राचा अनुभव याहून वेगळा नाही. वेदांत-फॉक्सकॉन प्रकल्प सप्टेंबर २०२२ मध्ये तळेगावऐवजी गुजरातला गेला, तेव्हा मुंबईत अस्मितेचा केवढा गदारोळ! चिपचे तंत्रज्ञान कोण देणार आणि निम्मा भांडवली खर्च उचलू पाहणाऱ्या केंद्राने ते तपासले आहे काय, हे विचारणारे आवाज त्यात बुडाले. जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉननेच अंग काढून घेतले.

आता एक लाख कोटींचा संशोधन, विकास व नवोन्मेष निधी आला आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याची घोषणा झाली, जुलै २०२५ मध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली आणि ३ नोव्हेंबर २०२५ रोजी त्याचा प्रारंभ झाला. हा पैसा फाउंडेशनकडून दुय्यम निधी व्यवस्थापकांकडे आणि त्यांच्याकडून कंपन्यांकडे दीर्घ मुदतीचे स्वस्त कर्ज वा भागभांडवल म्हणून जाणार आहे. फाउंडेशनचा वार्षिक अहवाल संसदेच्या पटलावर येईल. पण एखाद्या कंपनीला कर्ज का मिळाले आणि दुसरीला का नाही, याचे टिपण व्यवस्थापकाच्या कपाटात असेल. ते मागणारा तारांकित प्रश्न कोणत्या बाकावरून येतो, आणि आला तर त्या दिवशी सभागृह चालते काय, हे पाहायचे.