कराराच्या पंगतीत आपले पान कोण मांडणार?

ओतूरच्या बाजारात कांदा उतरवला की आपण पहिला प्रश्न विचारतो, 'दहा किलोला काय निघाला?' पण हा भाव पुष्कळदा ओतूरला ठरत नाही, मंचरलाही ठरत नाही. ७ डिसेंबर २०२३ रोजी दिल्लीत निर्यातबंदीचा कागद निघाला आणि इकडे भाव कोसळला. बंदी ४ मे २०२४ ला उठली, तरी निर्यात शुल्क पूर्ण जायला १ एप्रिल २०२५ उजाडला.

असे का होते? घटनेने शेती राज्याकडे दिली, पण परदेशी व्यापार आणि करार केंद्राकडे ठेवले. करारापूर्वी राज्याला विचारलेच पाहिजे, असे बंधन नाही. एप्रिल १९९४ मध्ये मराकेशला जागतिक व्यापार करारावर सही झाली, ती भारत सरकारची. पीक आपले, सही दुसऱ्याची!

पण नुसता दिल्लीला दोष देऊन भागणार नाही. आपले हित तरी नेमके कोणते? कांदा आणि द्राक्षाला बाहेरचे दार उघडे हवे. म्हणूनच शेजारच्या आंबेठाणच्या शरद जोशींनी डंकेल प्रस्तावाची बाजू घेतली होती. उलट गोठ्यातल्या दुधाला न्यूझीलंडच्या भुकटीची धास्ती. तिथे दार बंद हवे. आरसेप करारातून भारत नोव्हेंबर २०१९ मध्ये बाजूला झाला, त्यामागे दूध उत्पादकांचा विरोध हे एक मोठे कारण होते. कांदा आणि दूध, दोन्ही एकाच घरचे. मग राज्याने आपल्या वतीने काय मागायचे, हे आधी आपणच सांगायला नको का?

केरळने ते केले. २००९ च्या आसियान करारावेळी रबर, मिरी, नारळवाल्यांसाठी तिथे २ ऑक्टोबरला मानवी साखळी उभी राहिली. करार थांबला नाही, पण केरळला काय हवे ते देशाला कळले.

सरपंच, ग्रामसेवक, तलाठी मंडळींनो, काम तुमच्यापासून सुरू होते. गावात कांदा किती एकर, द्राक्षबागा किती, रोजचे दूध किती लिटर, हे आकडे ग्रामसभेच्या ठरावात घाला. बाजार समित्यांनी जुन्नर-आंबेगावचे ठराव एकत्र करून आमदारांकडे, शिरूरच्या खासदारांकडे आणि कृषी खात्याकडे पाठवावेत. सही झाल्यावर मोर्चा काढण्यापेक्षा सहीआधी गेलेला कागद जास्त कामाचा. पंगत बसण्याआधीच पान मांडावे लागते!