लहान इंजिन आणि आपला उन्हाळा

इंजिनावर धावणाऱ्या लहान मोटारींच्या शर्यतींत जो प्रथम येईल त्यासच बक्षीस द्यावें, हा प्रघात आम्हांस पसंत नाहीं. निदान चंद्रपूर-गडचिरोलीसारख्या तापट मुलखांत तरी नाहीं.

या इंजिनांस पाण्याची टाकी नसते. सिलिंडरच्या माथ्यावर ॲल्युमिनियमचीं पातळ पातीं एकावर एक असतात. त्यांमधून वाहणारा वारा उष्णता नेतो. तो किती नेईल, हें माथा व हवा यांच्या उष्णतामानांतील अंतरावर ठरतें. माथा ११० अंशांवर असतां हवा २० अंशांची असेल, तर अंतर ९०. आपल्या मे महिन्यांतील ४५ अंशांच्या हवेंत तें अवघें ६५. म्हणजे त्याच वाऱ्यानें चौथाईहून अधिक उष्णता कमी जाते. चंद्रपूरच्या औष्णिक वीज केंद्रास उष्णता टाकण्यासाठीं इरई धरणाचें पाणी व उंच शीतन-मनोरे लागतात. या मुठीएवढ्या यंत्रास वाऱ्यावरच भागवावें लागतें.

दुसरा आधार इंधनाचा. मिथेनॉलची वाफ होतांना तें बरीच उष्णता शोषून घेतें, आणि वंगण, पुष्कळदां एरंडेल, त्यांतच मिसळलेलें असतें. आतां वेगाच्या हौसेनें मुलगा कार्ब्युरेटरची सुई आंवळतो. मोटार पळते खरी. परंतु थंडावा आणि वंगण हीं दोन्ही एकाच फिरकीनें तुटतात. चार फेऱ्यांत पिस्टन अडकतो, आणि बापाचे पैसे धुरांत जातात. यांत मुलास काय बोल लावावा? बक्षीस वेगास लावणारे आपणच ना!

शोभेचा सोसहि असाच. कवच गुळगुळीत दिसावें म्हणून त्यास पुढें भोंक ठेवीत नाहींत; कोणी ठेवलें तर मागें विसरतात. समोरासमोर खिडक्या नसलेल्या घरांत ज्यानें वैशाख काढला, त्यास याचा परिणाम सांगावयास नको.

परीक्षा सोपी आहे. माथ्यावर पाण्याचा थेंब टाकावा. तो चर्रकन उडाला तर इंजिन फार तापलें. तीन-चार सेकंद बुडबुडत आटला तर ठीक. दहा मिनिटें न थांबतां धावून ज्याचा थेंब असा सावकाश आटेल, त्यास बक्षीस द्यावें. शर्यत सकाळच्या गारव्यांत ठेवावी, असें आमचे कांहीं मित्र म्हणतात. आमचें मत उलट आहे. ती दुपारींच व्हावी. मुलें मात्र कडुनिंबाच्या सावलींत उभीं करावींत.